डाव्या बुटातलं नाणं

चिमटीचं लग्न नोंदणी कार्यालयात व्हायचं होतं. दोन सह्या, दोघांचे साक्षीदार, मग जवळच्या माणसांचं एक जेवण, आणि संपलं. चिमटी हे नाव तिला कामावर पडलं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. मेणात एकेक दात बसवताना हातातला चिमटा ती सोडायची नाही, डबा खातानाही तो तिच्या खिशात असायचा. वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं. लग्नाची घाई तिला कधी नव्हती. तिची सगळी घाई तिच्या आत्याला होती.

नवरा मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला कामावर गप्प्या म्हणत, आणि ज्याने हे नाव ठेवलं त्याला माणसांची पारख होती. लॅबच्या इमारतीतली लिफ्ट अडकली तेव्हा चिमटी एकटीच आत होती. वरून कुणीतरी म्हणालं, "मी आलोय. खाली बसून घ्या." एवढंच. पण ते असं म्हटलं गेलं की ती निमूट खाली बसली. बाहेर आल्यावर तिने त्याला चहा पाजला, आणि त्या चहाच्या वेळी सगळं बोलणं तिनेच केलं.

गप्प्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको तिसऱ्या वर्षी अचानक गेली. तेव्हा तिची आई धावत आली होती, ती परत गेलीच नाही. तिला सगळे माई म्हणत. "राहा" असं माईला कुणी म्हटलं नव्हतं, आणि "जा" असंही नाही. तिने मागच्या खोलीत शिलाईचं मशीन मांडलं, इमारतीतल्या बायकांचे कपडे शिवायला घेतले आणि गप्प्याचा डबा भरायला लागली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

हे ऐकल्यावर आत्या म्हणाली होती, "म्हणजे तुला सासू मिळणार, पण दुसरीची."

चिमटी हसली होती. तोपर्यंत तिला हसू येत होतं.

लग्न ठरल्यावर एकदा तिघं जेवायला बसली असताना माई म्हणाली, "कार्यालयात करा, कुठेही करा. माझं काही म्हणणं नाही. फक्त दोन-चार जुन्या गोष्टी मला करू द्या. आमच्यात करतात. भाग्याच्या असतात."

"कसल्या गोष्टी?" चिमटीने विचारलं.

"साध्याच. बुटात नाणं. दुसरीकडून मागून आणलेला रुमाल. ड्रेस मी शिवेन. तुला काही करायचं नाही, तू फक्त उभी राहायचंस."

चिमटीने गप्प्याकडे बघितलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "करू दे त्यांना."

नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. लॅबमधल्या एका मुलीनेही आपल्या लग्नात हौस म्हणून असलं सगळं केलं होतं. आणि लेक गमावलेली बाई आपल्यासाठी शुभ मागते आहे, तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

रुमाल पहिला आला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची वेलबुट्टी. माईने तो कागदात गुंडाळून दिला. "लग्नात हातात धरायचा. मग परत करायचा."

"कुणाचा आहे?"

"शेजारणीचा," माई म्हणाली, आणि मशीनवर वाकली.

त्या दिवशी जिना उतरताना तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईने चिमटीला थांबवलं. ती दारात टेबल लावून इस्त्री करायची.

"रुमाल मिळाला का? मी दोनदा इस्त्री करून दिलाय."

"तुमचा होता? छान आहे."

"माझाच. मला तर नवलच वाटलं. आमचे हे त्या दुसरीबरोबर निघून गेले, तेव्हापासून मला लग्नाकार्यात कुणी पुढे बोलावत नाही. आणि माईंनी मुद्दाम वर बोलावून सांगितलं, तुझाच रुमाल हवा."

चिमटी घरी न जाता सरळ आत्याकडे गेली. आत्या एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायची. आईवडिलांच्या मागे तिनेच चिमटीला वाढवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली सुई डबीत टाकली.

"मागून आणायचा रुमाल हा संसार सुखाचा झालेल्या बाईचा असतो. म्हणून तर मागायचा. टाकलेल्या बाईचा कशाला कोण मागेल?"

"अगं, बिचारीला बरं वाटावं म्हणून मागितला असेल."

"असेल," आत्या म्हणाली. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

मनात पाल चुकचुकली ती अशी. नंतर बूट आले. ते चिमटीनेच घेतले होते, पांढरे, बिनटाचेचे. माईने नाणं बसवायला म्हणून ते ठेवून घेतले आणि चार दिवसांनी परत दिले. चिमटीने घालून बघितले. काही टोचलं नाही, म्हणजे आतल्या अस्तराखाली नाणं व्यवस्थित चिकटवलेलं होतं.

"कुठल्या बुटात आहे?" आत्याने फोनवर विचारलं.

"काय फरक पडतो?"

"उजव्यात असतं. छापा वर. बघून सांग."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बाहेर गेल्यावर, चिमटीने टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्यांमध्ये जागा केली आणि उजवा बूट ठेवला. अस्तराची कड चिमट्याने अलगद उचलली. खाली काही नव्हतं. मग डावा घेतला. त्यात नाणं होतं. छापा खाली, काटा वर. चुकून पडलं असेल म्हणावं, तर चारही बाजूंनी डिंक नीट फासलेला होता. मग होतं तसं अस्तर चिकटवून टाकलं.

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण कुणीतरी आपलं वाईट चिंततंय, हे कळायला नाण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

तिने आता डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. माई तिला वाढताना आधी कोणत्या हाताने वाढते. माई तिचं माप घेताना टेप कुठून कुठे नेते. माई तिच्याशी गोडच वागत होती, आणि आता तो गोडवाच तिला खुपायला लागला. पूर्वी माई बोलता बोलता थांबली की चिमटीला वाटायचं, लेकीची आठवण आली असेल. आता वाटायचं, काहीतरी गिळलं.

तिसरी गोष्ट गप्प्याच्याच तोंडून कळली. दोघं बसची वाट बघत उभी होती.

"ड्रेस छान झालाय," तो म्हणाला. "निळा तुला शोभेल."

"तू कुठे बघितलास?"

"माईंनी दाखवला. मुद्दाम हाक मारून. उजेडात धरून."

नवऱ्याने लग्नाआधी ड्रेस बघायचा नसतो, एवढं चिमटीलाही माहीत होतं. तिने विचारलं, "तुझ्या पहिल्या लग्नात त्यांनी हे सगळं केलं होतं?"

"केलं होतं."

"असंच?"

बस आली, ती चढली, तोही चढला. उतरेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी तिनेच विचारलं, "मी त्या घरात यावं असं माईंना वाटतं का?"

"त्या कधी तसं म्हणाल्या नाहीत."

"यावं असं म्हणाल्या नाहीत, की येऊ नये असं?"

"दोन्ही," गप्प्या म्हणाला.

त्याला ते विनोदी वाटलं नाही, आणि तिलाही नाही. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हा माणूस आपल्याला किती कमी सांगतो. शांत आहे म्हणून आपण भुललो. पण शांत माणसाच्या पोटात काय असतं हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे?

आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी जाऊन येते." ड्रेसची उंची विचारायचं निमित्त काढून ती भरदुपारी माईकडे गेली. संध्याकाळी चिमटी लॅबमधून परस्पर लाँड्रीवर पोचली, तर आत्या तिची वाटच बघत होती.

"चहा दिला तिने. मी प्यायले नाही. ती दार उघडायला गेली तेवढ्यात कुंडीत ओतला."

"आत्या!"

"कुंडीचं काय होतं ते कळेलच. आता ऐक. भिंतीवर तिच्या लेकीचा लग्नातला फोटो आहे. मी सहज विचारलं, हिच्या वेळी पण केलं होतं का हो हे नाण्याचं वगैरे? तर बाई खुलली. म्हणाली, एक गोष्ट चुकू दिली नाही. उजव्या बुटात नाणं, छापा वर. रुमाल थोरल्या बहिणीचा, कारण तिचा संसार सोन्यासारखा. आणि ड्रेस नवऱ्याच्या दृष्टीला पडू नये म्हणून पलंगाखाली पेटीत ठेवलेला."

चिमटीने खिशातला चिमटा काढून हातात घेतला.

"म्हणजे तिला येत नाही असं नाही," आत्या म्हणाली. "तिला सगळं येतं. स्वतःच्या लेकीला सगळं सुलटं केलं, तुला सगळं उलटं करतेय. तोंडावर तर कुणी सांगणार नाही ना, की तुझं वाटोळं व्हावं म्हणून?"

"मी काय करू?"

"लग्न पुढे ढकल. नाहीतर त्याला सांग, ती तरी राहील नाहीतर मी तरी."

चिमटीने दोन्ही केलं नाही. लग्न आठवड्यावर आलं होतं. तिने लॅबमधून दुपारची सुट्टी काढली, बूट पिशवीत घातले आणि गप्प्या कामावर असताना त्याच्या घरी गेली.

माई मागच्या खोलीत ड्रेसला शेवटची टीप मारत होती. जमिनीवर निळ्या कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या. "ये," ती म्हणाली. "घालून बघ."

चिमटीने डावा बूट काढून मशीनच्या फळीवर ठेवला, खिशातला चिमटा काढला, अस्तर उचललं आणि माईच्या समोर नाणं उघडं केलं.

"हे उजव्या बुटात असतं ना, माई? छापा वर?"

माईचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. ती दचकली नाही. चष्मा काढून तिने पदराऐवजी त्या निळ्या चिंधीनेच पुसला.

"असतं," ती म्हणाली.

"आणि रुमाल कुणाचा मागायचा असतो?"

"ते पण मला माहीत आहे."

"मग माझ्या वेळीच असं का? मी तुमचं काय केलंय?"

"तू काही केलेलं नाहीस." माईने खुर्ची तिच्याकडे सरकवली. चिमटी बसली नाही. माईने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"माझ्या लेकीच्या वेळी मी सगळं जसंच्या तसं केलं," ती म्हणाली. "माझ्या आईने सांगितलं तसं, तिच्या आईने सांगितलं तसं. बहिणीकडून रुमाल आणायला मी गावी जाऊन आले. नाणं घासून घासून लखलखीत केलं. ड्रेस याला दिसू नये म्हणून याला घरात पाऊल टाकू दिलं नाही. सगळे म्हणाले, माईचं काम म्हणजे बघायला नको. आणि तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती फोनवर म्हणाली, डोकं दुखतंय. दुपारी ती नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला होता म्हणे."

मशीनवरचा ड्रेस तिने घडी घालायला घेतला, परत उलगडला.

"मग मी विचार केला. सुलटं करून तर हे झालं. आता याचं पुन्हा लग्न आहे, तर या वेळी सगळं उलटं करून बघावं. काहीच करू नये असंही वाटलं होतं. पण काही न करता मला राहवेना. खालच्या बाईचा नवरा पळाला, सगळे तिला अभागी म्हणतात. पण तो पळालेला जिवंत आहे आणि ही इथे रोज ढीगभर इस्त्री करते. माझी बहीण सोन्यासारख्या संसाराची, तिचा रुमाल माझ्या लेकीला काय पावला?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर घातले असतेस ते बूट?"

चिमटीचं अर्धं मन विरघळलं होतं आणि अर्धं अजून ताठ होतं. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि नेमकं तेच तिला खटकत होतं. पकडलं गेल्यावर सांगायला कुणीही असं काहीतरी तयार ठेवील. तिने शेवटचं विचारलं, "म्हणजे हे सगळं माझ्या भल्यासाठी?"

"नाही," माई म्हणाली. "त्याच्यासाठी. तुला मी अजून ओळखते कुठे? ती गेल्यावर तो कितीतरी महिने त्या पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. तसा तो मला परत बघवणार नाही. आणि खरं सांगायचं तर, तो आहे म्हणून मला हे घर आहे. तेही आहेच."

चिमटी खुर्चीवर बसली. माईने "तुझ्यासाठी" म्हटलं असतं तर ती बूट उचलून निघून गेली असती. "घालून बघते ड्रेस," ती म्हणाली.

आत्याला तिने सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "हुशार आहे बाई," आणि ते कौतुक नव्हतं.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या दाराशी दोघी म्हाताऱ्या चिमटीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. तिच्या डाव्या बुटात माईचं नाणं होतं. उजव्या बुटातही काहीतरी होतं. सकाळी तयार होताना आत्याने पाठ करून काय खुडबुड केली ते चिमटीला आता पाऊल टाकताना कळत होतं. आत्याला डिंक लावायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे ते नाणं टाचेखाली इकडून तिकडे सरकत होतं.

"डावा पाय आधी," माई हळूच म्हणाली.

"उजवा," आत्या म्हणाली, तेवढंही हळू नाही.

चिमटी उंबऱ्यापाशी थबकली. मागे दुसऱ्या लग्नाची मंडळी येऊन थांबली होती. गप्प्या तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आपण दार अडवलंय."

ती आत गेली. आधी कोणता पाय पडला ते तिला नंतर आठवेना. जेवताना माई आणि आत्या दोघींनीही आपण सांगितलेलाच पाय आधी पडल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यावरून दोघींत जी जुंपली ती जेवण संपेपर्यंत चालली. आत्याने त्या भरात माईने पुढे केलेला सरबताचा पेला अख्खा पिऊन टाकला. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती चिमटीकडे बघत राहिली. तिला काही झालं नाही.

घरी आल्यावर सगळं एकदम सरळ झालं असं नाही. चिमटी कितीतरी दिवस स्वयंपाकघरात आपला कप आपणच विसळून घ्यायची. माईलाही ते दिसत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त चहाचं भांडं तिच्यासमोर ठेवायची आणि आधी स्वतःला ओतून घ्यायची. गप्प्याला यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक. एकदा मात्र कामाचे कपडे बदलताना तो आपणहून म्हणाला, "त्या मला एकटा टाकून गेल्या असत्या तर मी राहिलो नसतो." चिमटीने पुढचं ऐकायला वाट बघितली. पुढचं काही आलं नाही, पण त्याच्यासाठी तेवढं खूप होतं.

वर्ष सरत आलं तेव्हा लॅबमध्ये कामाचा ढीग पडला होता. एका सकाळी नाश्त्याला बसताना चिमटी कपाळ चोळत म्हणाली, "डोकं दुखतंय जरा."

माईच्या हातातून झारा पडला.

पुढे जे झालं ते चिमटीला थांबवता आलं नाही. माईने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या, गप्प्याला फोन लावून "आहेस तसा ये" एवढंच म्हटलं आणि ठेवला. तो एक लिफ्ट अर्धी उघडी टाकून, हाताला ग्रीस तसंच ठेवून धावत आला. वाटेत रिक्षात माईने चिमटीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर बोटं उमटली. "दिसतंय ना नीट? जीभ जड नाही ना झाली? बोल काहीतरी, बोलत राहा." चिमटी बोलत राहिली. तिने लॅबमधल्या सगळ्यांची नावं सांगितली, मग जबड्यातले दात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सांगायला घेतले. गप्प्या पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. तो मागे वळून बघत नव्हता.

डॉक्टरने तपासलं. फोटो काढले, रक्त बघितलं, डोळ्यांत उजेड मारला. मग म्हणाला, "काही नाही. बारीक काम करता, चष्म्याचा नंबर लागलाय."

गप्प्या बाहेर जाऊन बाकावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. चिमटीने त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. माई मात्र आली नाही. ती अजून आतच उभी होती, डॉक्टरच्या टेबलासमोर. त्याने पेन बंद केलं होतं आणि पुढच्या माणसाला बोलवायला घंटीकडे हात नेला होता.

"तुमचं बरोबर असेल," ती म्हणत होती. "पण मला पटत नाही. परत एकदा बघा."